एका नावाची दोन माणसं

पेट्या आल्या तेव्हा कुठे कायदा खरा वाटला. त्याआधी सात महिने तो नुसता वर्तमानपत्रात होता.

एकतीस पेट्या होत्या. लोखंडी, हिरव्या, कोपऱ्यांना गंज चढलेल्या. राजधानीहून दोन ट्रकांतून आल्या आणि नगरपालिकेच्या मागच्या दाराशी एकावर एक रचल्या गेल्या. चाळीस वर्षं या गावात कुणाला घर मिळणार, कुणाचं गळकं छप्पर बदलणार, उतारावर घरांची नवी ओळ उठणार की नाही, हे चारशे किलोमीटरवरचं गृहमंडळ ठरवत आलं होतं. आता मंडळ बरखास्त झालं होतं. वसाहतीतली घरं, मोकळी जमीन, अर्जांची यादी आणि ठरवण्याचा अधिकार, सगळं नगरपालिकेकडे आलं होतं. येणारीजाणारी माणसं थांबून पेट्या मोजत होती. मोठ्याने कुणी बोलत नव्हतं. एका म्हातारीने हमालाला विचारून एका पेटीवर तळहात टेकवला आणि बराच वेळ तसाच ठेवला. तिचा अर्ज त्यांतल्या कुठल्यातरी पेटीत एकोणीस वर्षं पडून होता.

ताईने हे खिडकीतून पाहिलं. गवंड्याची ही थोरली लेक बावीस वर्षं जन्म-मृत्यू नोंदणीत होती; गावात कोण आलं आणि कोण गेलं, ते तिच्या अक्षरात लिहिलेलं होतं. नवा गृहविभाग निघाला तेव्हा मुख्य लेखनिक म्हणून तिला तिथे बसवलं. काम तेच, नुसती वही बदलेल, असं तिला वाटलं होतं. पण पहिल्या पेटीचं झाकण उघडलं आणि तिचा हात जागच्या जागी थांबला. आत सबंध गाव होतं. 'खोलीत आम्ही नऊ जण आहोत, आळीपाळीने झोपतो.' 'सासऱ्यांना दिसत नाही, तरी जिना नसलेले घर मिळावे.' 'मागील अर्जात लिहिलेली धाकटी मुलगी आता नाही, तरी आठऐवजी सात माणसे धरावीत.' आणि प्रत्येक कागदाच्या कोपऱ्यात एकच शिक्का : नोंद घेतली. ती रोज दहा-बारा तास वाचत राहिली. घरी जाऊन हात धुवायची तेव्हा पाणी तांबूस व्हायचं, आणि तिला वाटायचं की आपण कुणाच्या तरी घरात न विचारता शिरून आलो आहोत.

नवव्या पेटीत तिला बाबांचं अक्षर सापडलं.

*

रविवारी दुपारी ताई आईकडे, वसाहतीतल्या सत्तेचाळीस नंबरात आली तेव्हा तिचा भाऊ मोरीत आडवा पडून नळाचा वायसर बदलत होता. त्याचं खरं नाव फक्त शाळेच्या दाखल्यावर उरलं होतं. गाव त्याला पाना म्हणायचं, कारण तो नळजोडणी करायचा आणि पाना खिशात नाही असं कधी झालं नव्हतं. रागावली की आईसुद्धा पानाच म्हणायची. तो याच घरात जन्मला होता. इथला प्रत्येक पाइप त्याने कधी ना कधी उघडून बघितला होता. डोळे मिटूनही त्याला सांगता आलं असतं की कुठल्या भिंतीत ओल कुठून येते.

ताईच्या हातात कागद होते. मूळ कागद कचेरीबाहेर काढायची सोय नव्हती, म्हणून तिने छायाप्रती आणल्या होत्या. तिने आईला बसायला सांगितलं, भावजयीला हाक मारली आणि पानाला मोरीतून बाहेर ये म्हणाली. तिचा आवाज ऐकून तो काही न विचारता उठला.

तिने सांगितलं ते असं. एकोणचाळीस वर्षांपूर्वी, वसाहत बांधून होत आली तेव्हा, या गावातून एकाच नावाच्या दोन माणसांनी घरासाठी अर्ज केला होता. नाव तेच, आडनाव तेच, वडिलांचं नावही तेच. एक अर्ज जुन्या धक्क्यावरच्या नावाड्याचा, क्रमांक अठ्ठ्याऐंशी. दुसरा दोन महिन्यांनंतरचा, त्यांच्या बाबांचा, म्हणजे गवंड्याचा, क्रमांक एकशे तीन. मंडळाने घर दिलं ते अठ्ठ्याऐंशीला. एकशे तीनवर लाल शाईने लिहिलं, 'पुनरावृत्ती, रद्द.' आणि वाटपाचं पत्र पोस्टात आलं तेव्हा पोस्टमनने ते गवंड्याच्या हातात दिलं. गवंडी रोज वसाहतीच्या भिंतींवर काम करत होता. घर त्यालाच मिळालं असणार, असं कुणालाही वाटलं असतं.

"म्हणजे हे घर नावाडीकाकांचं," ताई म्हणाली. "कागदोपत्री पहिल्या दिवसापासून."

पानाने आधी हसण्यावारी नेलं. मंडळाच्या कागदांत काय काय सापडेल, उद्या म्हणशील शाळाही आपलीच. पण ताई हसली नाही. मग त्याने विचारलं, की काका एवढी वर्षं काय करत होते? ताईने दुसरा गठ्ठा पुढे ठेवला. नावाड्याने चौदा वेळा अर्ज केला होता. चौदाही वेळा उत्तर एकच, फक्त खालच्या सह्या बदललेल्या : आपल्या नावे घर देण्यात आलेले आहे, पुन्हा अर्ज करू नये.

आई भिंतीला टेकून बसली होती. तिने फक्त एवढंच विचारलं, की यांचं अक्षर कुठे आहे.

बाबांचं पत्र छोटं होतं. घर मिळाल्यानंतर वर्षभराने लिहिलेलं. ताईने ते वाचलं.

"'महोदय, घर क्रमांक सत्तेचाळीसचे पत्र मला मिळाले, परंतु ते माझे नसावे. माझ्याच नावाचे आणखी एक गृहस्थ गावात आहेत. ते नाव चालवतात. मी गवंडीकाम करतो. आम्ही दोघे वेगळे आहोत. तरी चौकशी व्हावी.'"

नाव म्हणजे होडी. नदीवर पूल नव्हता तेव्हा अख्खं गाव त्या नावेने पलीकडे जायचं. पण राजधानीत नदी नव्हती. तिथल्या कुणा कारकुनाने 'ते नाव चालवतात' याखाली दोन रेघा ओढल्या होत्या आणि समासात शेरा मारला होता : 'अन्य व्यक्ती अर्जदाराचे नाव चालवीत असल्याचे अर्जदार स्वतःच कळवितो. सबब त्या व्यक्तीच्या अर्जांची यापुढे दखल घेऊ नये.'

पानाला बाप आठवला तो बनियनवर, पायरीवर बसून थापी घासणारा. अकरा वर्षं झाली होती त्यांना जाऊन. खरं बोलायला म्हणून त्यांनी आयुष्यात एकच पत्र लिहिलं, आणि त्या पत्रानेच नावाड्याच्या घराला कायमचं कुलूप घातलं. हे बाबांना कधी कळलंही नव्हतं. त्यांना उत्तरात फक्त घर दिलेलं आहे, एवढंच कळवलं होतं.

"मी हे उद्या समितीपुढे ठेवणार," ताई म्हणाली.

*

खरा वाद तिथून सुरू झाला, आणि त्यात सगळ्यांत अडचणीत होती ती पानाची बायको.

शिशुवर्गाची शिक्षिका म्हणून तिला सगळी वसाहत बाई म्हणायची. तीन महिन्यांपूर्वी ती नगरपालिकेवर निवडून आली होती, आणि नव्या गृहसमितीतल्या पाच जणांत तिचं नाव होतं. निवडणुकीत तिने एकच वचन दिलं होतं : यादी उघड्यावर वाचली जाईल. चाळीस वर्षं ती यादी कुणी पाहिली नव्हती. आपला नंबर किती, हे विचारायला गेलेल्या माणसाला मंडळ उत्तर देत नसे. उद्या सकाळी समितीची पहिली बैठक होती आणि सहाशे चौदा नावं भर सभेत वाचली जाणार होती. वाचणार होती ताई.

पाना म्हणत होता की यात खोटं काहीच करायचं नाही. काकांचं नाव त्या सहाशे चौदांत नाहीच, त्यांचा अर्ज जुनाच निकाली आहे. जे आहे ते वाचायचं. आई सत्तरीची झाली, तिचे गुडघे, तिची औषधं, तिच्या मैत्रिणी, सगळं या ओळीत आहे. ती आहे तोवर थांब, एवढंच त्याचं म्हणणं. नंतर हवं तर तो स्वतः किल्ली नेऊन देईल.

ताईने बराच वेळ ऐकून घेतलं. मग आईकडे पाहिलं. आई तोंडाला कुलूप घातल्यासारखी बसली होती, डोळे मिटून. ती थकलेली दिसत होती, आणि एकदम फार लहान.

बाईंनी हे पाहिलं. आधी तिला नवऱ्याचं पटलं होतं. सून म्हणून ती या घरात चौदा वर्षं राहिली होती. पण जेव्हा रेघेसारख्या सरळ ताईने कागद हळूहळू पिशवीत परत सरकवले आणि 'ठीक आहे, आई आहे तोवर' म्हटलं, तेव्हा बाईंना वाटलं आपल्या पायाखालची फरशी हलली. इतकी वर्षं चुकलं की दोष द्यायला मंडळ होतं. मंडळ लांब होतं, त्याला चेहरा नव्हता, त्याला मनसोक्त शिव्या देता येत होत्या. आता मंडळ या खोलीत बसलं होतं. त्याला चार चेहरे होते; तीन तिच्या माणसांचे आणि एक तिचा स्वतःचा.

"उद्या मी त्या टेबलाशी बसणार आहे," ती म्हणाली, "आणि मला हे माहीत असणार आहे. तुम्ही दोघांनी मला सांगायलाच नको होतं."

पाना म्हणाला, मग तू सांगणार का? ते तिला खरंच ठाऊक नव्हतं. दोघा बहीणभावांत इतकी एकी तिने कधी पाहिली नव्हती, आणि ती एकी बघून तिला परकं वाटलं.

निघताना ताई आईच्या पाया पडली नाही की काही नाही. तिने फक्त आईच्या खांद्यावर हात ठेवला. आईने विचारलं, बैठक किती वाजता आहे. दहाला, ताई म्हणाली. मला घेऊन जा, आई म्हणाली, मागे बसून ऐकीन.

*

दहा वाजता सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. दोनशे खुर्च्या होत्या आणि माणसं सात-आठशे. खिडक्यांच्या कट्ट्यांवर, जिन्यावर, बाहेर अंगणात ध्वनिक्षेपकाखाली माणसं उभी होती. धोबीकाम करणारे, पिठाच्या गिरणीतले, रुग्णालयातल्या आया, सायकली दुरुस्त करणारा तिरळा, वीटभट्टीच्या छपऱ्यांतली कुटुंबंच्या कुटुंबं. एवढी गर्दी आणि तरी कलकल नव्हती. प्रत्येकाने धुतलेले कपडे घातले होते. बाईंच्या लक्षात आलं की ही माणसं मुलाखतीला आल्यासारखी आली आहेत, जणू कुणी त्यांच्याकडे बघून ठरवणार आहे.

समितीचे अध्यक्ष म्हणजे निवृत्त हेडमास्तर. अर्ध्या गावाला त्यांनी शिकवलं होतं, उरलेल्या अर्ध्याला वर्गाबाहेर उभं केलं होतं. त्यांनी भाषण केलं नाही. म्हणाले, आधी यादी, मग बोलणं. ताई उभी राहिली.

पहिलं नाव वाचलं तेव्हा काहीच झालं नाही. दुसऱ्या नावाला मधल्या रांगेतली एक स्त्री उठून उभी राहिली. तिला कुणी सांगितलं नव्हतं. ती नुसती उभी राहिली, पदर सारखा केला आणि तशीच उभी राहिली. तिसऱ्या नावाला दोघं भाऊ उभे राहिले. मग प्रत्येक नावाला कुणी ना कुणी उठू लागलं. काही नावांना मुलगा उठायचा, कारण बाप राहिला नव्हता. एका नावाला कुणीच उठलं नाही, तेव्हा मागून शेजारी म्हणाला, ते गेले हो मार्चमध्ये, आणि ताईने तिथे थांबून तारीख लिहून घेतली. शंभर झाली, दोनशे झाली. उभ्या माणसांचं एक शेत वाढत चाललं होतं आणि बसलेलं कुणी दिसेनासं होत होतं. आपलं नाव मोठ्याने उच्चारलं जाताना ऐकणं म्हणजे काय, हे बाईंना त्या चेहऱ्यांवर दिसत होतं. काही जण नाव ऐकून हळूच मान डोलवायचे, जणू कुणीतरी लांबच्या प्रवासातून सुखरूप पोचल्याचा निरोप दिला आहे.

आपल्या उभ्या आयुष्यात आपण याहून मोठं काही बघणार नाही, असं बाईंना वाटलं. आणि त्याच क्षणी तिला तिसऱ्या रांगेतला नावाडी दिसला.

तो कडेला बसला होता. एकोणऐंशी वर्षांचा, खांदे अजून रुंद, हात मांडीवर. शेजारी त्याची मुलगी, इस्त्रीवाली. पुलानंतर नाव बंद पडली तेव्हापासून बापलेक धक्क्यावरच्या नावेच्या शेडमध्ये राहत होते. प्रत्येक नावाला तो किंचित पुढे झुकायचा आणि पुन्हा मागे टेकायचा. सहाशे चौदा वेळा.

पावणेदोनला शेवटचं नाव संपलं. ताईचा घसा बसला होता. तिने वही मिटली आणि वर पाहिलं. सगळं सभागृह उभं होतं. तिसऱ्या रांगेत दोन माणसं बसलेली होती.

ती तिथेच संपली असती, बैठक. अध्यक्षांनी चष्मा काढला होता. ताईने टेबलाची कड धरली होती. तिला कालचा आपला शब्द आठवत होता आणि तो गिळता येत नव्हता, थुंकताही येत नव्हता. तेवढ्यात मागच्या भिंतीपाशी कुणीतरी काठी टेकत पुढे यायला लागलं. माणसं बाजूला होत गेली. ताईला आधी काठी दिसली, मग आई.

आई टेबलापर्यंत गेलीच नाही. तिसऱ्या रांगेशी थांबली, नावाड्यासमोर, आणि त्यालाच उद्देशून बोलायला लागली. ध्वनिक्षेपक लांब होता, पण ऐकू न आलेला माणूस त्या सभागृहात नव्हता.

"तुमचं घर माझ्याकडे आहे," ती म्हणाली. "सत्तेचाळीस नंबर. पत्र तुमचं होतं, आम्हाला मिळालं. तुम्ही विचारायला आला होतात, तेव्हा हा पाना पाळण्यात होता. तुम्ही त्याच्याकडे बघितलंत आणि म्हणालात, राहू दे, माझं येईलच. ह्यांनी मंडळाला पत्र लिहिलं. मंडळाने ऐकलं नाही. ते दुसरं लिहायला बसले होते. दौत मी उचलली. दुसरं लिहू नका म्हटलं. ह्यांना बोल लावू नका. दौत मी उचलली."

पाना दाराशी उभा होता. ही गोष्ट त्याने आजवर ऐकली नव्हती. काल दुपारभर आई डोळे मिटून बसली होती ती थकून नव्हे, हे त्याला आत्ता कळत होतं.

बाई टेबलापासून उठली. तिने अध्यक्षांना सांगितलं की आपण याच घरात राहतो, म्हणून यात आपल्याला मत देता येणार नाही. मग ती खाली येऊन सासूच्या शेजारी उभी राहिली. ताईनेही वही पुढे सरकवली, अठ्ठ्याऐंशी आणि एकशे तीन हे दोन्ही अर्ज, बाबांचं पत्र आणि त्याच्या समासातला शेरा मोठ्याने वाचून दाखवला, आणि आपल्याला हे गुरुवारपासून ठाऊक होतं, तरी आज यादीत घेतलं नाही, हेही सांगितलं. तेवढं बोलताना तिचा आवाज पूर्ण गेला.

नगरपालिकेचे सचिव घाबरून उठले. ते म्हणाले, असं प्रकरण आजवर झालेलं नाही, नियमांत बसत नाही, तेव्हा मार्गदर्शनासाठी वर पाठवावं.

"वर कुठे?" हेडमास्तरांनी विचारलं.

सचिवांनी तोंड उघडलं. मग सवयीने छताकडे बघितलं, आणि खाली बसले. कुणी हसलं नाही. सातशे माणसांना एकाच वेळी कळलं की वर आता कुणी नाही. जे काय ठरायचं ते इथे, या भिंतींच्या आत, आणि उद्या सकाळी ज्यांच्याशी रस्त्यात गाठ पडणार त्यांच्यासमोर. बाईंच्या अंगावर काटा आला. ते भय होतं का आणखी काही, तिला सांगता आलं नसतं.

हेडमास्तरांनी सभेकडे पाहिलं. "गवंडी आणि नावाडी ही दोन वेगळी माणसं आहेत, हे ज्याला ठाऊक नव्हतं त्याने हात वर करावा."

एकही हात वर झाला नाही. अडतीस वर्षं, चौदा अर्ज आणि एकतीस पेट्यांना जे उमजलं नव्हतं, ते इथे शाळेतल्या पोरालाही ठाऊक होतं. फक्त त्याला कुणी विचारलं नव्हतं.

मग त्यांनी नावाड्याला विचारलं की इतकी वर्षं तुम्ही बोलला का नाहीत.

"बोललो की," नावाडी म्हणाला. "चौदा वेळा. पण तिकडे." मग तो म्हणाला, "इथे कुणाला बोल लावणार? पत्र त्यानं मागून घेतलं नव्हतं. माझ्याशी बोलायला लाजायचा तो शेवटपर्यंत. मला त्याचंच वाईट वाटायचं."

चौघा सदस्यांनी तिथेच, सगळ्यांसमोर, अर्धा तास चर्चा केली. एक जण म्हणाला, म्हातारीला घराबाहेर काढणं बरं दिसत नाही. दुसरीने विचारलं, मग एकोणऐंशीचा माणूस शेडमध्ये बरा दिसतो का? सत्तेचाळीस नंबर नावाड्याच्या मुलीच्या नावे करा, अशीही सूचना आली. नावाडी म्हणाला, आधी माझ्या करा, एकदा तरी होऊ दे. शेवटी ठरलं ते चार विरुद्ध शून्य. घर क्रमांक सत्तेचाळीस अर्ज अठ्ठ्याऐंशीचं. अर्ज एकशे तीन चुकीने रद्द झाला होता, तो पुन्हा जिवंत. तारखेप्रमाणे तो यादीत सर्वांत जुना, म्हणून उताराखाली नवी ओळ उठेल तेव्हा पहिलं घर गवंड्याच्या बायकोला. तोवर तिची सोय घरच्यांनी पाहावी. घर तीन महिन्यांत रिकामं करावं.

ताईने ते वहीत लिहिलं. एकाच नावाखाली दोन ओळी, एकीपुढे नावाडी, एकीपुढे गवंडी. धंद्यासाठी त्या वहीत रकानाच नव्हता. तिने पट्टी घेऊन तो आखला.

*

ताईच्या दोन खोल्या बाजारात, सायकलच्या दुकानावर होत्या. महिनाभरात आई, पाना आणि बाई तिथे राहायला गेले. चार माणसं आणि एकच मोरी. पहिल्या आठवड्यात पाना कुणाशी धड बोलला नाही. ताईवर तर त्याचा राग होताच, आणि तो कशाबद्दल हे त्यालाही नीट सांगता येत नव्हतं; ती गप्प राहिली म्हणून, का शेवटी बोलली म्हणून. नवी ओळ उठायला दीड वर्ष लागेल म्हणत होते, म्हणजे दोन धरायची. रात्री तो बाहेरच्या खोलीत आडवा व्हायचा आणि त्याला ते उभं सभागृह दिसायचं, आणि त्यातून काठी टेकत चाललेली आई. या आईच्या हातचं आपण अडतीस वर्षं खाल्लं, आणि ती कोण आहे हे आपल्याला ठाऊक नव्हतं.

एका सकाळी तो कुणाला न सांगता सत्तेचाळीस नंबरावर गेला. घर रिकामं होतं. त्याने सगळे नळ एकदा सोडून पाहिले. मग बाहेर येऊन पायऱ्या मोजल्या. रस्त्यापासून दारापर्यंत तेरा, उंच, एकाही बाजूला धरायला काही नाही. लहानपणापासून तो त्या तीन उड्यांत उतरत आला होता. एकोणऐंशी वर्षांचा माणूस कसा चढेल, हे आजवर त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. त्याने दीड इंची पाइप आणला, दोन दिवस कापलं, जोडलं, घासून गुळगुळीत केलं. वळणापाशी हात अडखळू नये म्हणून कोपरा तापवून वाकवला. बाई डबा घेऊन आली तेव्हा तिने नुसतं पाहिलं आणि पाइपचं दुसरं टोक धरून उभी राहिली.

नावाडी राहायला आला त्या दिवशी आईने जायचा हट्ट धरला. ताईने अर्ध्या दिवसाची रजा टाकली. इस्त्रीवाली पुढे, हातात दोन बोचकी. मागे तिचा बाप. पायरीशी येऊन त्याने कठडा पाहिला. मग पानाकडे पाहिलं. वल्हं धरावं तसा त्याने पाइप धरला आणि एकेक पायरी चढत गेला, मध्ये कुठेही न थांबता.

आत तो पहिल्या खोलीत थांबला, दुसरीत थांबला, भिंतींना हात लावून बघत गेला. आई दारातच उभी होती. तिला आत जावं की नाही कळत नव्हतं. मागच्या खोलीची खिडकी बंद होती. ती त्याने ढकलून उघडली. खाली उतार संपत होता, त्यापलीकडे पूल, आणि पुलाच्या दोन्ही अंगांना उन्हात पसरलेलं पाणी, पार वळणापर्यंत. नावाडी तिथे इतका वेळ उभा राहिला की त्याची मुलगी काळजीने जवळ गेली.

"इथून नदी दिसते," तो म्हणाला. "हे मला कुणी कळवलंच नाही."

आई आत आली आणि त्याच्याशेजारी खिडकीशी उभी राहिली.

"कळवायचं राहून गेलं," ती म्हणाली.